रानाबद्दल विचारा : मोठी झाडं दिसतात, पोरं कुठं आहेत?

मागच्या अंकात सातपुड्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून पत्रं, व्हॉट्सॲप, फोन थांबलेच नाहीत. सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोघांतिघांनी नाव छापू नका सांगितलं होतं, मग सगळ्यांचीच नावं काढून टाकली, गाव तेवढं ठेवलं.

पेपरात आलं होतं की महाराष्ट्रातलं जंगल थोडं वाढलं. मी शिरपूर तालुक्यात शिक्षक आहे, बोराडीच्या पुढे डोंगरात वीस वर्षांपासून जाणंयेणं आहे, मला तर दरवर्षी रान विरळच होताना दिसतंय. वर्गात पोरं विचारतात, सर खरं काय? मी काय सांगू?

गुरुजी, दोन्ही खरं आहे, आणि हे पोरांना समजावणं अवघड नाहीये, फक्त एक तास मोकळा काढा.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही सरकारी संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. मोजणी उपग्रहाच्या फोटोवरून होते. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर किंवा त्याहून मोठा तुकडा असेल आणि वरून बघितल्यावर त्यातली दहा टक्क्यांहून जास्त जमीन झाडांच्या पानोऱ्यानं झाकलेली असेल, तर ते वनआच्छादन धरतात. जमीन कोणाची आहे आणि झाड कोणतं आहे हे त्यात विचारत नाहीत. फॉरेस्टचा डोंगर असो नाहीतर कोणाची आंब्याची बाग असो, पानोरा दिसला की मोजला.

आता वर्गाच्या फरशीवर खडूनं शंभर चौकोन आखा आणि पोरांना सागाची पानं आणायला सांगा. सत्तर किंवा जास्त चौकोन झाकले तर ते अति घनदाट जंगल, चाळीस ते सत्तर झाकले तर मध्यम घनदाट, दहा ते चाळीस म्हणजे खुलं जंगल आणि दहाच्या खाली गेलं की झुडपी जमीन. आधी पासष्ट चौकोन झाका, मग एकेक पान उचलायला लावा. साठ, पन्नास, तीस, पंधरा, बारा. प्रत्येक वेळी विचारा, अजून जंगल आहे का? उत्तर प्रत्येक वेळी हो असंच येणार. पासष्टचं बारा झालं, म्हणजे जवळपास सगळं गेलं, तरी एकूण क्षेत्राच्या रकान्यात एक गुंठाही कमी झाला नाही. तुम्हाला वीस वर्षांत जे दिसतंय ना, ते हे आहे. जंगल तुटलं नाही, झिजलं. आपल्याकडे पावसात धोतर विरतं तसं.

अहवालात हे लपवलेलं नाहीये, फक्त बातमी करणारे त्या पानापर्यंत जात नाहीत. २०१९ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनआच्छादन ५०,७७८ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात ५०,७९८. म्हणजे अख्ख्या राज्यात वाढ किती तर २० चौरस किलोमीटर, आणि हेडलाइन झाली जंगल वाढलं. त्या ५०,७९८ मध्ये अति घनदाट फक्त ८,७३४, मध्यम घनदाट २०,५८९ आणि सगळ्यात मोठा वाटा खुल्या जंगलाचा, २१,४७५. हे सगळं मिळून राज्याच्या क्षेत्रफळाच्या १६.५१ टक्के होतं. २०२४ च्या डिसेंबरात त्याच्या पुढचा अहवाल आला, त्यातही साडेसोळाच्या आसपासच आहे, आणि आपल्या १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात देशासाठी लक्ष्य ठेवलंय एक तृतीयांशाचं. शिवाय राज्याचा आकडा म्हटला की त्यात एकट्या गडचिरोलीचा जवळपास पाचवा हिस्सा असतो. तिकडची झाडं मोजून इकडचा सातपुडा हिरवा होत नाही. एका जिल्ह्यात कमी झालं, दुसऱ्यात कोणी लागवड केली, बेरीज वजाबाकी होऊन शेवटी छोटासा अधिकचा आकडा उरतो.

एक गोष्ट मात्र उपग्रहाच्या बाजूनं सांगतो. आपलं जंगल पानगळीचं आहे, सलई, साग, पळस, धावडा मार्चमध्ये उघडे पडतात, म्हणून ते लोक पावसाळ्यानंतरचे, ऑक्टोबर ते डिसेंबरमधले फोटो वापरतात. पुष्कळ जण होळीला डोंगरात जातात आणि फोटो टाकतात की बघा रान मेलं. नाही मेलं, झोपलंय. आणि तसंच ऑगस्टात जाऊन सगळं हिरवंगार बघून खूष होऊ नका, कारण तेव्हा टाकळा नि घाणेरीसुद्धा हिरवीच असते.

मग खरं बघायचं कसं? वर बघू नका, खाली बघा. पोरांना घेऊन जा, दहा पावलं बाय दहा पावलं चौकोन पाडा आणि त्यात मोठ्या झाडांची लहान पोरं किती आहेत ते मोजा. घोट्याएवढी किती, गुडघ्याएवढी किती, तुमच्या पाचवीच्या पोराएवढी किती, आणि कोणत्या जातीची. मोठा मोह उभा आहे, मोठी चारोळी उभी आहे आणि खाली त्यांचं एकही रोपटं नाही, फक्त घाणेरी आणि रानतुळस माजलीय, तर ते रान म्हातारं झालंय असं समजा, मग वरून ते कितीही दाट दिसो. घर कसं, म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत, अंगण झाडलेलं आहे, पण पाळणा नाही. मी गावोगाव हेच मोजत फिरतो आणि खरं सांगतो, उपग्रहाच्या आकड्यापेक्षा मला या आकड्याची भीती जास्त वाटते.

दादा, सप्टेंबरमध्ये तोरणमाळच्या रस्त्याला गेलो होतो, सागाची सगळी पानं जाळीसारखी झालेली, नुसत्या शिरा उरल्या होत्या. दुरून डोंगर तांबूस दिसत होता. काही रोग आलाय का? साग मरणार का? (शहादा, कॉलेज विद्यार्थी)

नाही मरणार. ती एका पतंगाची अळी आहे, पानातला हिरवा भाग खाते आणि शिरा सोडून देते, पावसाळा संपत आला की तिचा जोर असतो. एक पान तोडून उजेडासमोर धरलं असतंस तर आजीच्या जुन्या नऊवारीचा विरलेला पदर असावा तसं दिसलं असतं. तिची एक बहीणही आहे, ती पावसाळ्याच्या सुरुवातीला येते आणि कोवळं पान मधल्या शिरेपर्यंत अख्खं खाऊन टाकते. झाड मरत नाही, त्या वर्षाची वाढ मार खाते एवढंच, पुढच्या वर्षी परत पालवी. फवारणी वगैरे डोंगरात कोणी करूही नये. पण एक बघून ये, जिथं नुसता साग लावलाय तिथं हा त्रास डोळ्यात भरतो, आणि जिथं सागाशेजारी धावडा, तिवस, बांबू असं मिश्र रान आहे तिथं कसा आहे. दोन्हीकडचे फोटो पाठव, पुढच्या वेळी यावरच बोलू.

आमच्याकडे मोहाच्या सीझनला झाडाखालचा पाला पेटवून देतात. सासूबाई म्हणतात पेटवल्याशिवाय फूल दिसत नाही. यंदा आग वर डोंगराला लागली, दोन रात्री जळत होता. मी बोलले तर घरात वाद झाला, मला म्हणाल्या तू शिकलेली, तू वेच पाल्यातून. काय करू? (धडगाव)

ताई, आधी सासूबाईंची बाजू मांडतो. पहाटे चारला टोपली घेऊन निघायचं, झाडाखाली वीतभर सुकलेला पाला, मोहाचं फूल पिवळट पांढरं, पाल्यात पडलं की हाताला लागत नाही, वर विंचू-सापाची भीती, आणि सूर्य वर आला की फूल मऊ पडतं, गुरंही येतात. दोन-तीन आठवड्यांत जे हाती लागेल त्यावर घरात मीठमिरची येते. त्या बाईनं चाळीस वर्षं हे केलंय. तिला पर्यावरणाचं भाषण दिलं तर ती ऐकणार नाही आणि मी तिच्या जागी असतो तर मीही नसतं ऐकलं.

पण आग काय करते ते तुम्ही दोघी मिळून बघा, म्हणजे खरंच बघा, जळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. मोठ्या मोहाला काही झालेलं नसतं, साल जाड असते, बुंधा थोडा काळा पडतो. म्हणून वाटतं काही नुकसान नाही. आता खाली वाका आणि राख हातानं बाजूला करा. काडीएवढी काळी टोकं जमिनीतून वर आलेली दिसतील. ती मागच्या दोन-तीन पावसाळ्यांतली रोपं होती, मोहाची, चारोळीची, टेंभुर्णीची, आवळ्याची. काही मुळातून परत फुटतात, पुढच्या वर्षी परत जळतात, परत फुटतात, असं काही वर्षं चालतं आणि मग एक वर्ष फुटतच नाहीत. सासूबाई ज्या मोहाखाली वेचतात तो त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा असेल. तुमच्या नातसुनेला वेचायला कोणता मोह असेल हे त्यांनाच विचारा, भांडणासारखं नाही, असंच, भाकरी थापताना.

उपाय साधा आहे. सीझनच्या आधी दोन दिवस झाडाच्या घेराएवढी जागा झाडून घ्यायची, पाला ओढून बाहेर न्यायचा, तोच शेतात खताच्या खड्ड्यात टाकायचा. रोज पहाटे वर पडलेला थोडा पाला खराट्यानं सरकवायचा. दुसरा उपाय म्हणजे झाडाखाली जुन्या साड्या जोडून किंवा हिरवी नेट अंथरायची, काही गावांत हे सुरू झालंय, फूल स्वच्छ मिळतं, माती राख लागत नाही, वेळ कमी लागतो आणि व्यापाऱ्यानं भाव पाडायला खोड काढायची जागा राहत नाही. पहिल्या वर्षी एकाच झाडाखाली करा. सासूबाई एका झाडाखाली पेटवून वेचतील, तुम्ही नेटवर वेचा, संध्याकाळी तराजूवर घाला. वाद मिटेल.

आणि ते दुसरं, राख पडली की गवत चांगलं येतं, हे पण तुमच्या पत्रात होतं. पहिले काही दिवस हिरवा कोंब दिसतो, खरं आहे. पण उतारावरची राख पहिल्या वळवाच्या पावसात नाल्यात जाते. दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर हळूहळू कुसळी राहते, कारण ती आगीला पुरून उरते, आणि ज्याच्यावर जनावर तुटून पडतं ते पवन्या, मारवेल कमी होत जातं. पिकलेली कुसळी जनावराच्या तोंडात रुतते, त्याला काय चारा म्हणायचं.

कायद्याचं म्हणाल तर १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहेच, आणि आता उपग्रहावरून आगीचा ठिपका दिसला की वनखात्याकडे मेसेज जातो. पण ठिपका दिसेपर्यंत टेकडी गेलेली असते आणि वनरक्षकाकडे केवढी मोठी बीट, म्हणजे राखायची हद्द, असते ते तुम्हाला माहितीये. खातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळा पट्टा करतं, तेव्हा गावातली चार माणसं सोबत गेली तर ती जाळरेषा जिथं हवी तिथं निघते, नाहीतर रस्त्याच्या कडेनं निघते. म्हणजे घरातल्या खराट्यापासून सुरुवात केलीत तर खात्याच्याही आधी तुम्ही पोचाल.

वनपट्टे वाटले म्हणून सातपुडा संपला असं शहरात सगळे म्हणतात. माझे आजोबा तीच जमीन कसत होते, आम्हाला २००६ च्या वनहक्क कायद्यानं पट्टा मिळाला. आम्हीच दोषी का? (अक्कलकुवा)

भाऊ, हा प्रश्न वाचून मी रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. थोडं सविस्तर लिहितो.

सातपुड्याची कुऱ्हाड तुझ्या आजोबांपासून सुरू झाली नाही. १८६० च्या दशकात आगगाडी खानदेशात आली, भुसावळ जंक्शन झालं, आणि रुळांखालच्या स्लीपरला, इंजिनाला लाकूड लागायचं ते कुठून आलं असेल? मग जंगल खातं झालं, १८७८ चा कायदा झाला, ज्या रानात तुमचे पूर्वज राहत होते ते राखीव झालं आणि राहणारे एका रात्रीत अतिक्रमणवाले झाले. पुढे स्वातंत्र्यानंतरही कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, त्याच्या तोडीचे ठेके निघतच राहिले. मग नर्मदेवर सरदार सरोवर झालं, अक्राणी आणि अक्कलकुव्याची मिळून तेहेतीस गावं बाधित झाली, नदीकाठचं रान पाण्यात गेलं, आणि त्या विस्थापितांना जमीन द्यायला १९९० मध्ये तळोद्याचं सुमारे २,७०० हेक्टर जंगल मोकळं केलं. ज्याचं रान बुडालं त्याला दुसरं रान तोडून जागा दिली. यातला कोणता निर्णय तुझ्या आजोबांनी घेतला होता?

कायदा काय म्हणतो तेही नीट सांगतो, कारण चावडीवर लोक काहीही बोलतात. पट्टा नवीन जमीन वाटत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून प्रत्यक्ष कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, तिच्यावरचा हक्क मान्य करतो. म्हणजे पट्ट्याच्या कागदानं त्या दिवशी एक झाडही पडत नाही.

पण तू मला प्रामाणिकपणे विचारलंस म्हणून मीही तसंच सांगतो. त्या तारखेनंतरही दाव्याच्या आशेनं नवीन रान साफ झालंय, बुंध्याची साल गोल सोलून झाड उभं वाळवलेलं मी स्वतः बघितलंय, शेजारी काळी जमीन नांगरलेली. ते करणारे पुष्कळदा गावातले गरीब नसतात, कोणीतरी मागं असतं, पण झाड तर गेलंच. त्याला कायद्याचं संरक्षण नाही आणि तुझ्यासारख्या खऱ्या कसणाऱ्याचं नाव त्यांच्यामुळे खराब होतं. तेव्हा गप्प बसू नको.

दुसरं असं की सगळं भांडण वैयक्तिक पट्ट्यावर होतं आणि त्याच कायद्यातला सामूहिक वनहक्क मागं राहतो. गावानं परंपरेनं राखलेलं, वापरलेलं जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं नियोजन करायचा हक्क ग्रामसभेला मिळतो, कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि कलम ५ मध्ये राखण्याची जबाबदारीही. तो दावा तुमच्या ग्रामसभेनं केलाय का, मंजूर झालाय का, झाला असेल तर ते जंगल राखायच्या समितीची शेवटची मीटिंग कधी झाली, हे विचार. आणि तुझ्या स्वतःच्या तुकड्यात उतारावर वरून खाली नांगर घालत असशील तर तो आडवा घाल, बांधावर मोह, चारोळी, आंबा राहू दे. आहेत ती रोपं नांगरताना चुकव, एवढंच. पाच वर्षांनी बांध बघ.

आमच्या मंडळानं गावाजवळच्या टेकडीवर पाचशे झाडं लावली, गुलमोहर, गिरिपुष्प, थोडा वड पिंपळ. टँकरनं पाणी घातलं. दुसऱ्या उन्हाळ्यात चाळीस राहिली. काय चुकलं? (धुळे तालुका)

मन लावून केलं म्हणून आधी शाबासकी. पण पोरांनो, खड्डे घ्यायच्या आधी त्या टेकडीला विचारायचं होतं की तुझ्याकडं आधीच काय आहे.

मुरमाड टेकडी उघडी दिसते पण ती रिकामी नसते. बारकाईनं फिरा, जमिनीलगत खुंट दिसतील, कुठं पळसाचा, कुठं खैराचा, धावड्याचा, बोरीचा. वरचं झाड तुमच्या आजोबांच्या काळात गेलं असेल, पण मूळ जिवंत आहे, दरवर्षी दहा-बारा फुटवे काढतं, शेळी खाते, सरपणाला तुटतात, आग लागते, परत फुटवे. त्या खुंटाची मुळं खूप खोल गेलेली असू शकतात आणि तुमच्या पिशवीतल्या रोपाची वीतभर. कोण जगणार सांगा. तुम्ही कदाचित खड्डा घेताना असे दहा खुंट उपटूनही टाकले असतील, हे मी बघितलेलं आहे म्हणून म्हणतोय.

यंदा पैसे टँकरवर घालू नका. चुना घेऊन जा, जिवंत खुंट सापडला की शेजारच्या दगडाला ठिपका लावा, मोजा. पावसाच्या तोंडावर प्रत्येक खुंटावरचे दोन जोरदार फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्यानं काढा, भोवती बोरीचे काटे लावा. जिथं खरंच काही नाही, पाणी धो धो वाहून जातं, तिथं सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले चर घ्या आणि भरावावर बी टोका, सीताफळ, खैर, पळस. आणि टेकडीचा काही भाग नुसता गवताचा असेल तर तो तसाच ठेवा. कुरण ही पडीक जमीन नाहीये, खोकड, ससे, चंडोल, तित्तर सगळे तिथलेच राहणारे, त्यांना तुमच्या गुलमोहराचा काही उपयोग नाही. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचं, शाळेच्या गेटाला नि शेताच्या बांधाला ठीक आहे.

बारीपाड्याचं ऐकून आम्हीही ग्रामसभेत विषय काढला. लोक म्हणाले चराईबंदी केली तर शेळ्या कुठं न्यायच्या. तिथं विषय संपला. (पारोळा तालुका, महिला सरपंच)

सरपंचताई, लोकांनी बरोबर विचारलं, शेळी ही गरिबाची एटीएम आहे, तिला एका ठरावानं बंद करता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बारीपाडा हे साक्री तालुक्यातलं छोटं आदिवासी गाव, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून अकराशे एकराच्या आसपास जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, गावाचाच राखणदार, मोडलं तर दंड, आणि सोबत पाणी अडवायचं काम. आज तिथं रानभाज्यांची स्पर्धा भरते, बायका शंभराच्या घरात भाज्या मांडतात. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. लोक पुरस्कार बघतात, मधली तीस वर्षं कोणी बघत नाही. आणि एक फरक लक्षात घ्या, तिथं झाडं बाहेरून आणून जंगल उभं केलं असं नाही, मुख्य काम राखायचं होतं, रान आपलं आपण उठलं.

तुम्ही सगळं एकदम बंद करू नका. टेकडीचे तीन भाग करा. एक भाग चार-पाच वर्षांसाठी पूर्ण बंद, दोन भाग चरायला मोकळे. बंद भागातलं गवत कापून न्यायला परवानगी द्या, पण बी गळल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून, नाहीतर दांडगे आधी कापतील. रोपं शेळीच्या तोंडाच्या वर गेली की तो भाग उघडा, दुसरा बंद करा. ज्याच्या शेळ्या सगळ्यात जास्त त्यालाच समितीत घ्या. दंड कमी ठेवा पण सरपंचाच्या घरातली शेळी सापडली तर पहिली पावती तिची फाडा. हे मी गमतीनं नाही म्हणत, ज्या गावांत हे झालं तिथं नियम टिकला आणि जिथं झालं नाही तिथं पहिल्या पोळ्यापर्यंतच टिकला.

मी यावलचा, रिटायर्ड. आमच्या लहानपणी डोंगराच्या पायथ्याला अंजनाचं रान होतं. आता आहेत ती म्हातारी झाडं, फांद्या छाटून ठोंब झालेली. आमच्या मातोश्री अहिराणीत म्हणायच्या, रान बठ्ठं उघडं पडी गयं. नर्सरीत अंजनाचं रोप मागितलं तर म्हणतात नाही, सप्तपर्णी न्या. अंजन कुठं मिळेल?

नाना, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण अंजन म्हणजे आपल्या खानदेशाचं झाड. ज्या कातळावर साग हात टेकतो तिथं हा उभा राहतो. दोन पानं देठाशी जोडलेली, आपट्याची आठवण यावी अशी, लाकूड एवढं जड की पाण्यात टाकलं तर तळाला जातं, पूर्वी सालीचे दोर वळायचे. आणि गुरं पाला आवडीनं खातात, तिथंच त्याचा घात झाला. दुष्काळ पडला की अंजन छाटायचा, पाऊस चांगला झाला तरी सवयीनं छाटायचा. छाटलेल्या झाडाला बी धरायला ताकद राहत नाही. आधीच अंजनाला दरवर्षी सारखं बी येत नाही, मध्ये काही वर्षं कोरडी जातात, मग एखादं वर्ष लयलूट, आणि नेमक्या त्या वर्षीची रोपं शेळ्यांनी आणि आगीनं गेली की पुढची संधी थेट काही वर्षांनी. म्हणून तुम्हाला फक्त म्हातारीच दिसतात.

नर्सरीवाल्याचा दोष नाही. अंजनाचं रोप पहिल्या वर्षी वर वाढायच्या आधी खाली मूळ सोडतं, पिशवीत ते गुंडाळून जातं, लावलं तरी रुसतं. सागाची जडी, म्हणजे शेंडा-मुळं छाटलेलं रोप, लावतो तसा हा सोपा गडी नाही. त्यामुळे रोप शोधू नका, बी शोधा. एप्रिल-मेमध्ये, ज्या झाडाची छाटणी झालेली नाही असं एखादं बघून ठेवा, देवाच्या जागेजवळ नाहीतर अडचणीच्या कड्यावर असतं. शेंग चपटी, कागदासारखी, टोकाला एकच बी, वाऱ्यावर गरगरत येते, तपकिरी झाली की खालून गोळा करा. जुन्या गोणपाटाच्या पिशवीत सावलीत ठेवा आणि पहिला दमदार पाऊस झाला की जिथं म्हातारं झाड उभं आहे त्याच्याच आसपास, कुदळीनं ओरखडा काढून, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, टोकून द्या. प्रत्येक जागी तीन-चार बिया, वर बोरीची फांदी आडवी ठेवा.

दिवाळीला जाऊन बघाल तेव्हा वीतभरही नसेल, दोन-चार पानं फक्त. उपटून मूळ बघायचा मोह होईल, बघू नका, तेच तर काम चाललेलं असतं तिथं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्या जागेभोवतीचं गवत कापून घ्या म्हणजे आग आली तरी आत शिरणार नाही. आणि बी जास्त जमलं तर मला कळवा नाना, धुळ्याच्या त्या मंडळाच्या पोरांना तुमच्याकडे पाठवतो, आणि बोराडीकडच्या गुरुजींनाही थोडं द्या, त्यांच्या वर्गाला मोजायला काहीतरी होईल.